आज काठ कोणाकडे

१३ जून १९५५, सोमवार

ही वही खात्याची नाही. खात्याच्या वहीत फूट, इंच आणि सही एवढंच लिहायचं असतं, आणि मला त्याहून बरंच काही म्हणायचं आहे.

जांभूळ गावाच्या अलीकडे उल्हास नदी दुभंगते आणि मध्ये एक बेट सोडते. नऊ घरं, एक देवीचं देऊळ, एक होडी. इथे नदीकाठी एक खांब रोवायचा आणि त्यावर पाणी किती चढलं ते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला वाचून लिहायचं, हे माझं काम. चार महिने. रविवार नाही, सण नाही. कारखान्यांसाठी नदीवर पंपघर बांधायचं आहे, म्हणून पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते खात्याला हवंय. नोंदी नीट झाल्या की ऑक्टोबरात मी कायम होणार, आणि कायम झालो की अंबरनाथला दोन खोल्यांचं क्वार्टर. सासऱ्यांची अट सरळ आहे: आधी छप्पर, मग मुलगी. वृंदा आणि आमची दोन वर्षांची उमा तोवर बदलापुरात त्यांच्याकडे. इथून पाच मैलांवर, पण होडीची वाट आणि चिखल धरला तर माझ्या दोन नोंदींच्या मध्ये ते पाच मैल जाऊन-येऊन बसत नाहीत.

आमचे ओव्हरसिअर विष्णुपंत यांनी आज खांब रोवून घेतला. दहा फुटी सागवानी, फुटाफुटाला काळे-पांढरे पट्टे. सिमेंटचा परवाना अजून आलेला नाही, म्हणून तूर्त दगडमातीत ठोकला आहे. मग विष्णुपंतांनी सगळ्या बेटाला गोळा करून दम भरला, "हा सरकारी खांब आहे. याला काही झालं तर एकेकाला कल्याणच्या कोठडीत घालीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. जयदेव म्हणून इथला जाणता माणूस आहे, तो म्हणाला, "खांबाला काय होव द्याचा नाय साहेब. आमी सांभालू." विष्णुपंत खूश होऊन गेले. मलाही बरं वाटलं.

१६ जून

बरं वाटणं संपलं.

काल जांभूळला पोस्टात जायचं होतं. होडी कोण नेईल म्हणून काशीला विचारलं. काशी ही जयदेवची सून, बेटावरची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. ती म्हणाली, "आज काठ बाळाकडं." बाळा कुठे? शेतात. शेत कुठे? पलीकडच्या तीरावर. मग होडी? होडी बाळाबरोबर! मी दोन तास चिखलात उभा.

इथे काठ रोज एका घराकडे असतो, म्हणजे त्या दिवशी होडीची जबाबदारी त्या घराची. 'आज होडी अमक्याची' असं म्हणायला काय जातं? पण सरळ बोलतील तर शपथ.

आणखी एक. माझं नाव श्रीपाद कर्णिक आहे हे मी चार वेळा सांगितलं. मला सगळे 'खांबवाले' म्हणतात.

१९ जून

हद्द झाली. आज सकाळी जयदेव येऊन म्हणाला, "खांबवालं भाऊ, उद्या काठ तुमच्याकडं." नऊ घरं झाली, दहावं म्हणे माझं. मी त्याला नीट समजावलं की मी सरकारी नोकर आहे, पावसाळा संपला की जाणार आहे, मी बेटाचा नाही. तो डोकं खाजवत उभा राहिला. तेवढ्यात सगुणाबाई बोलल्या. त्या सत्तरीच्या आहेत, खालच्या अंगाला एकट्या राहतात, आणि माझं दोन वेळचं जेवण त्यांच्याकडे लावलेलं आहे. म्हणाल्या, "रव दे. त्यांचा काठ मी करीन."

करा. माझं काय जातं.

५ जुलै

छप्पर तीन ठिकाणी गळतं. खाट हलवली की चौथ्या ठिकाणी गळतं. देवळाजवळची ही खोली बेटावरची सगळ्यात उंच जागा आहे आणि ती मुद्दाम मला दिली असं जयदेव दर दोन दिवसांनी ऐकवतो. उंच असून उपयोग काय? खाली खांबापर्यंत उतरावं लागतं आणि येताना चढावं लागतं.

आज पुन्हा जवळ्याचं कालवण. सलग नववा दिवस. मला मासळी वर्ज्य नाही, पण जवळ्याला जातीचा मासा म्हणायला मी तयार नाही.

इथे खासगी असं काही नाही. वृंदाचं पत्र काशीने आणून दिलं. मी अजून पाकीट फोडतोय तोवर ही विचारते, "उमाला दाढा आल्या का?" आल्या आहेत. पत्रात तेच लिहिलं होतं. पोस्टातल्या माणसाने पाकीट वाफेवर उघडून वाचून दाखवलं असणार. क्वार्टरचंही सगळ्या बेटाला ठाऊक आहे.

एक गंमत. आलो तेव्हा खोलीपासून खांबापर्यंत ऐंशी पावलं भरत होती. आज मोजली तर चोपन्न. चालण्याचा सराव झाला की पाऊल लांब पडतं, हे वृंदाला कळवलं पाहिजे. ती मला नेहमी मंद म्हणते.

१९ जुलै

तीन दिवस धो धो. आजची नोंद: सकाळी चार फूट नऊ इंच, संध्याकाळी चार फूट अकरा इंच. एवढ्या पावसात फक्त दोन इंच! मी स्वतः दोनदा वाचलं.

पण इथल्या लोकांना सांगून उपयोग नाही. सगुणाबाईंनी कोंबड्या, मडकी, तांदळाची कणगी सगळं देवळात आणून मांडलं आहे. म्हणे नदी उंबऱ्याला लागली. मी म्हटलं, "अहो, ते अंगणात साचलेलं पावसाचं पाणी. नदी पाच फुटांच्या आत आहे." त्या म्हणाल्या, "आसंल बाबा," आणि कोंबड्यांना दाणे टाकत बसल्या. एक कोंबडी काल रात्रभर माझ्या दाराशी होती. अख्खा जन्म नदीत काढला आणि नदीचं पाणी कुठलं, पावसाचं कुठलं, हे कळू नये?

२२ जुलै

काल पाणी ओसरलं, आणि सगुणाबाईंनी भिंती शेणाने सारवून घेतल्या. आता घर असं दिसतं की पाणी कधी आलंच नव्हतं. माझ्या मते आलंच नव्हतं.

३ ऑगस्ट

विष्णुपंतांचं पत्र. शब्द उतरवून घेतो: "आपल्या नोंदी अत्यंत नियमित व सुवाच्य आहेत. नदी इतकी स्थिर असेल असे साहेबांस वाटले नव्हते. आपल्या कायम होण्याबाबत मी अनुकूल शेरा दिला आहे."

वृंदाला लगेच लिहिलं. पडद्यांचं कापड उल्हासनगरला स्वस्त मिळतं, तिथून घ्यायला सांगितलं. काठ आज कोणाकडे होता कोण जाणे, पण होडी वेळेवर मिळाली. बेटावर असा दिवस पुन्हा येणार नाही.

११ ऑगस्ट

आज खात्याची नोटीस आली. ती सगळ्यांना वाचून दाखवण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. देवळात नऊ घरं जमली. मजकूर असा: नोंदींवरून बेट पुरापासून सुरक्षित आढळल्याने पंपघरासाठी ते घेण्याचा विचार आहे, २५ तारखेस मोठे इंजिनिअर पाहणीस येतील, येथील कुटुंबांस चामटोलीच्या माळावर जागा देण्यात येईल.

मग जयदेव म्हणाला, "चामटोलीला आमी काय करू? तिथं नदी नाय."

मी म्हटलं, "तिथे रस्ता आहे. दवाखाना जवळ आहे."

"पन हितं पानी येतं ना! सगुनाबाईच्या घरात येतं. येका साली देवलात आला होता. साहेबाला सांगा."

मी वही आणली. दोन महिने, दिवसातून दोनदा. सगळ्यांत मोठी नोंद पाच फूट दोन इंच. पानं उलटून दाखवली. "हे लिहिलेलं आहे," मी म्हणालो, "आणि तुम्ही म्हणता ते नुसतं बोलणं. मी कशावर विश्वास ठेवू?"

काशी ताडकन उठली. "म्हंजे आमी खोटा बोलताव?"

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही' सुद्धा म्हणालो नाही.

१३ ऑगस्ट

कोणी बोलत नाही. जेवण मात्र आलं.

१९ ऑगस्ट

अक्षर बिघडलं तर बिघडो.

पडशाने पडून होतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला पाऊस असा चढला की खोलीत बसवेना, म्हणून छत्री घेऊन खाली पाहायला गेलो. माझ्या नोंदीची ती वेळच नव्हे. आणि काय पाहतो? कमरेएवढ्या पाण्यात काशी आणि सगुणाबाई माझा खांब, माझा सरकारी खांब, दोन्हीकडून मिठी मारून गदागदा हलवताहेत. उपटला. खांद्यावर घेतला. वीस पावलं वर आणला, खड्डा केला, रोवला, दगड ठोकले. मग सगुणाबाईंनी पदराने त्याचे पट्टे पुसले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काशीला राग यायचं सोडून नवलच वाटलं. "अवो, बुडत होता ना! वर घेतला."

"कधीपासून वर घेताय?"

"पयल्यापासून. ज्याच्याकडं काठ, त्यानं काठावरचा सगला बघाचा. होडीचा खुंट, जाल्याचे बांबू, धुन्याचा दगड, तुमचा खांब. पानी चढला का वर, उतरला का खाली."

दोन महिने! नऊ घरांनी आळीपाळीने नदीबरोबर खांब वरखाली केला, आणि मी रोज दोनदा सही करून लिहीत गेलो की नदी जागची हलत नाही.

तोवर जयदेव धावत आला. मी त्याला म्हणालो, "अरे माणसा, तो बुडण्यासाठीच रोवला होता!"

जयदेव विचारात पडला. खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "बुडवाचा होता, तं रंगवला कशाला?"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. निघताना विचारलं की आज काठ कोणाकडे होता. काशी म्हणाली, "तुमच्याकडं." दर दहाव्या दिवशी माझा काठ सगुणाबाई करत होत्या. सत्तर वर्षांची बाई माझ्या नावाने पाण्यात उतरून माझाच खांब उपटत होती. यांना हे सांगितलं कोणी?

२१ ऑगस्ट

दोन दिवस डोकं बधिर. सुटं सुटं करून लिहितो, म्हणजे मला तरी कळेल.

नोंदी खोट्या आहेत. बेट बुडतं. इथे पंपघर बांधलं तर तेही बुडणार, आणि नऊ घरं फुकट उठणार. हे साहेबांना सांगायला हवं.

सांगितलं की पहिला प्रश्न, खांब कोणी हलवला? विष्णुपंतांनी दम भरला होता तो नुसता दम नव्हता, मी त्यांना ओळखतो. जयदेव जाईल, काशी जाईल, सगुणाबाईही.

न सांगितलं तर काहीच होत नाही. वही सुवाच्य आहे. ऑक्टोबर, क्वार्टर, वृंदा, उमा. उमा मला आता ओळखेल की नाही याचीच मला धास्ती वाटते. अडीच महिने झाले.

आज दुपारी तासभर मी न सांगायचं पक्कं केलं होतं. ही वही खासगी आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मग सगुणाबाई जेवण घेऊन आल्या. जवळाच. बेटाबद्दल, साहेबांबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. दारात उभ्या राहून विचारलं, "तुमच्या अंबरनाथच्या घरात पानी नाय ना येत? पोर लहान हाय, म्हनून."

"नाही येत," मी म्हणालो.

"मंग बरा," म्हणाल्या आणि गेल्या.

मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. बायकोने भांडावं, गावाने शिव्या द्याव्यात, माणूस उत्तर देतो. याला काय उत्तर द्यायचं?

२३ ऑगस्ट

घरोघर फिरून नवा तक्ता केला. ज्या दिवशी ज्याचा काठ, त्याला विचारलं: तुझ्या दिवशी पाणी कुठे होतं? एकालाही तारीख सांगता येत नाही, पण पाण्याची जागा सगळ्यांना बोटावर. "बाळाच्या बायकोला ताप आला त्या दिवशी वडाच्या दुसऱ्या मुलीला लागला." मुळीला 'मुली'च म्हणतात. मी माझ्या वहीतून पावसाचा अंदाज घेत तारखा जुळवल्या. खांब पहिल्या जागी असता तर १९ जुलैला नदी त्याच्या टोकाच्याही नऊ फूट वर असती. मी त्या दिवशी चार फूट अकरा इंच लिहिलं होतं, आणि सगुणाबाईंना शिकवलं होतं.

देवळाच्या आतल्या भिंतीवर एका जुन्या पुराची मातीची रेघ सापडली. देवाची भिंत सारवत नाहीत म्हणून राहिली. बाकी सगळ्या घरांतून यांनी सारवून सारवून माझा सगळा पुरावा पुसून टाकलेला.

२५ ऑगस्ट

मोठे इंजिनिअर आणि विष्णुपंत अकराला आले. काठ जयदेवकडे होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता.

मी साहेबांना आधी देवळात नेलं, रेघ दाखवली. मग तक्ता पुढे केला. साहेब मितभाषी. तक्ता वाचला, वही वाचली, पुन्हा तक्ता वाचला. मग म्हणाले, "दोन्ही खरं असू शकत नाही, कर्णिक."

"वही चुकीची आहे, साहेब. पाणी चढेल तसा खांब मागे घेतला जात होता."

विष्णुपंत पांढरेफटक पडले. त्यांचा शेरा होता ना! "कोणी घेतला?" ते ओरडले. "नाव सांगा. आज इथून बांधून नेतो."

सगळं बेट तिथे उभं होतं. कोणाच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नाही. आपण काही वावगं केलं हे यांना दोन महिन्यांत कळलं नाही आणि जन्मात कळणार नाही. जयदेव चक्क पुढे आला. छाती काढून. मदत केल्याचं सांगायला! त्याने "साहेब, आमी..." एवढं म्हटलं असेल.

"तुम्ही मध्ये बोलू नका!" मी असा खेकसलो की तो दोन पावलं मागे गेला. मग मी साहेबांना म्हणालो, "मी घेतला. पाण्यात उतरून वाचायला त्रास व्हायचा. जवळ असला की बरं पडायचं."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अडीच महिने?"

"हो."

"आणि आज का सांगताय?"

मी म्हणालो, "पंपघर बुडेल, साहेब."

त्यांनी तक्ता घडी करून खिशात घातला. मग म्हणाले की पंपघराला पलीकडच्या तीरावर उंच जागा पाहू, आणि होडीकडे निघाले. विष्णुपंत त्यांच्यामागे. होडी सुटल्यावर काशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि, आश्चर्य म्हणजे, काहीच बोलली नाही.

मी असं का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. या लोकांचा मला उबग आलेला आहे.

१२ सप्टेंबर

हुकूम आला. नोंदी रद्द. कायम करण्याचा विचार एक वर्ष पुढे. पुढच्या पावसाळ्यात सिमेंटमध्ये पक्का खांब, याच बेटावर, हाच माणूस. तोवरही मुक्काम इथेच, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या नोंदींसाठी. क्वार्टर नाही.

बेट घ्यायचा विचार रद्द झाल्याचं त्याच कागदावर दोन ओळींत आहे. ते देवळात वाचून दाखवलं. जयदेव म्हणाला, "बरा झाला," आणि बांबू चिरायला गेला. बस्स.

वृंदाला लिहायला बसलो. तीन कागद फाडले. शेवटी साहेबांना सांगितलं तेच तिला लिहिलं: आळसाने खांब जवळ घेतला, चूक माझी, एक वर्ष आणखी. वडिलांना जसं सांगायचं तसं सांग. पडद्यांचं कापड घेतलं असेल तर परत होतं का बघ.

१९ सप्टेंबर

वृंदाचं पत्र आलं. पाकीट फोडलेलं होतं. बेटावर सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सगळे दुसरीकडे पाहत होते.

उतरवून घेतो, कारण मूळ पत्र वाचून वाचून फाटेल.

"तुमचं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. ते बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. पण चार वर्षांत तुम्ही तांब्या सुद्धा जागचा हलवलेला मी पाहिलेला नाही. दहा फुटी खांब तुम्ही पावसात उपटून रोज वर न्याल, हे साहेबांना पटलं असेल तर पटो. तुम्ही कोणासाठी खोटं बोललात ती माणसं मला पाहायची आहेत. कापड परत करत नाही. रविवारी उमाला घेऊन येते."

संपलं. खोली एक आहे, खाट एक आहे, छप्पर गळतं, हे मी तिला पाच पत्रांत लिहिलेलं आहे. किती दिवसांसाठी येते, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी कागद उलटून मागच्या बाजूलाही पाहिलं.